ऑफिसच्या वेळा बदला, असं सांगणं हे सरकारचं काम आहे का?

फोर्टमधल्या साडेतीनशे माणसांच्या एका कार्यालयात प्रशासन सांभाळणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळा मागेपुढे करा म्हणजे लोकलची गर्दी कमी होईल, असं रेल्वेचं पत्र आम्हाला आलं होतं. साहेबांनी ते फाइलला लावलं. मी स्वतः डोंबिवलीहून येते, म्हणून मला ते पत्र टोचलं. गाड्या वाढवायचं सोडून आमच्या घड्याळात हात घालण्याचा अधिकार यंत्रणेला कोणी दिला? आणि असं केल्याने खरंच फरक पडतो का?"

फरक पडतो, आणि ते सरकारचंच काम आहे. पण नुसतं पत्र पाठवून ते होत नाही. तुमच्या साहेबांनी पत्र फाइलला लावलं, तशीच ते पाठवणाऱ्यांनीही त्याची पोच फाइलला लावली असणार. मी वाहतूक नियोजनात सव्वीस वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं फलाटांवर उभं राहून माणसं मोजण्यात गेली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डोंबिवलीच्या फलाटावर हातात आकडे मोजायचं यंत्र घेऊन मी पहाटे सहापासून उभा राहत असे. एका दाराशी किती चढले, किती उतरले, किती मागे राहिले, एवढंच टिपायचं. सव्वासातच्या सुमाराच्या फास्टला दारात उभा असलेला माणूस वाऱ्यासाठी उभा असायचा, आत जागा असायची. आठ वाजून दहा मिनिटांनी तोच फलाट ओळखू यायचा नाही. गाडी कल्याणहूनच भरून यायची आणि दाराशी लोंबकळणाऱ्यांच्या मधून आत घुसायला लोक पाठीवरची बॅग पोटाशी घ्यायचे. तीन गाड्या सोडून चौथीत चढलेली एक मुलगी मला आठवते. तिने चढताना एकदाही खाली पाहिलं नाही, फक्त दारातल्या खांबाकडे पाहत होती. पावणेदहाला पुन्हा श्वास घेता येईल इतकी मोकळीक. म्हणजे मरणाची गर्दी होती ती दीड तासाची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाड्या होत्या, मोटरमन होते, वीज होती, जागा होती.

त्याच दीड तासात आणखी एक प्रकार चालायचा, अजूनही चालतो. बसायला मिळावं म्हणून लोक आधी उलट दिशेची गाडी पकडून गाडी जिथून सुटते तिथे जातात आणि तिथे सीट धरून परत येतात. एका माणसाचा एक प्रवास असा दीड प्रवास होतो. अतिगर्दी स्वतःच जास्तीची गर्दी कशी तयार करते, ते इथे दिसतं.

आता फरक किती पडतो ते बघा. लग्नाच्या हॉलमध्ये एका पंगतीला १०० पानं मांडता येतात. पहिल्या पंगतीला ११० पाहुणे आले, १० उभे राहिले. दुसऱ्या पंगतीला पुन्हा ११० आले, उभे राहणारे २० झाले. तिसऱ्या पंगतीअखेर ३० माणसं ताटकळत उभी असतात, आचारी घामाघूम झालेला असतो आणि यजमानाची लाज जाते. हॉल मोठा हवा होता, असं सगळे म्हणतात. पण त्या ३३० मधली ३० माणसं आधीच्या अर्ध्या रिकाम्या पंगतीला बसली असती, तर एकही माणूस उभं राहिलं नसतं. शंभरातली नऊ माणसं. गर्दीचं गणित सरळ रेषेत चालत नाही. क्षमतेच्या वरचे शेवटचे आठ-दहा टक्के प्रवासी सगळ्यांचा प्रवास असह्य करतात आणि तेवढे हलले तरी सगळ्यांना उसंत मिळते. मे महिन्यात शाळा बंद झाल्यावर रस्ते किती मोकळे वाटतात ते आठवा. शहर तेच असतं, गाड्यांची संख्या थोडीशीच घटलेली असते.

"गाड्या वाढवा" हे तुमचं म्हणणं चूक नाही. वाढवल्याच पाहिजेत. पण त्याला लागणारा काळ समजून घ्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि वापरात आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांत दिव्याच्या पलीकडे किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून आज रोज तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या चालवतात. गर्दीच्या वेळी फास्ट मार्गावर तीन-चार मिनिटांनी एक गाडी धावते, आणि दोन गाड्यांमधलं अंतर कमी करायला सिग्नल यंत्रणा बदलावी लागते. बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा साधारण बाराशे आणि गर्दीच्या वेळी माणसं साडेचार-पाच हजार. ९ जून २०२५ च्या सोमवारी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातले काही जण गेले, ते ह्याच दीड तासातले होते. त्या माणसांना चौदा वर्षं थांबा म्हणून सांगता येत नाही. नवी मार्गिका होईपर्यंतच्या काळासाठी यंत्रणेच्या हातात एकच साधन उरतं, ते म्हणजे प्रवास कधी आणि कुठून कुठे होतात यावर काम करणं. आमच्या क्षेत्रात त्याला प्रवासाच्या मागणीचं व्यवस्थापन म्हणतात.

हे मुंबईला नवीन नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २६ जानेवारी १९७५ ला स्थापन झालं, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता: सगळी कार्यालयं आणि घाऊक बाजार बेटाच्या दक्षिण टोकाला, माणसं राहायला उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळ्या गाड्या एकाच दिशेला भरलेल्या आणि उलट दिशेला रिकाम्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्राधिकरणाने दक्षिण मुंबईत नवी कार्यालयं आणि घाऊक व्यापार वाढवण्यावर निर्बंध आणले आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन हाती घेतलं. पुढच्या दशकांत कांदा-बटाटा, भाजीपाला, मसाल्याचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेले, लोखंड-पोलाद कळंबोलीला. २०१० मध्ये ऑपेरा हाउसच्या हिरे बाजारातला मोठा हिस्सा वांद्रे-कुर्ला संकुलात आला. हे सगळं मागणीचं व्यवस्थापनच आहे. मशीद बंदरच्या गल्ल्यांत कांद्याचे ट्रक आज येत असते तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा.

पण त्याच काळात दोन चुका झाल्या, आणि त्यांची किंमत तुम्ही-आम्ही रोज मोजतो. एक म्हणजे सरकार इतरांना हलवत राहिलं आणि स्वतः हललं नाही. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत राज्याचा कारभार खाडीपलीकडे नेण्याचा विचार होता. मंत्रालय मात्र जिथल्या तिथे राहिलं आणि शेजारी नरिमन पॉइंटच्या भरावावर टोलेजंग कार्यालयं उभी राहिली. दुसरी चूक म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात लाखो चौरस फूट कार्यालयं उभी केली, पण तिथे रेल्वे नेली नाही. मेट्रो तिथे पोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली कित्येक वर्षं कुर्ला आणि वांद्रे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगा लागत राहिल्या. प्रवासाची जागा बदलली, पण प्रवासाची सोय मागाहून आली.

वेळेचा प्रश्न तर कधी गांभीर्याने घेतलाच गेला नाही. याचं कारण माझ्या मते एकच आहे. मुंबईत पुरवठ्याला धनी आहेत, मागणीला कोणी नाही. लोकल रेल्वे मंत्रालयाची, बेस्ट महापालिकेची, बरेचसे मेट्रो मार्ग आणि मोठे पूल प्राधिकरणाचे, सिग्नल वाहतूक पोलिसांचे. पण सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान अमुक लाख माणसांना अमुक ठिकाणी बोलावायचं, हे ठरवतं कोण? सरकारी कार्यालयांच्या वेळा सामान्य प्रशासन विभाग ठरवतो, खासगी आस्थापनांसाठी कामगार विभागाचा कायदा आहे, शाळांच्या वेळा शिक्षण विभाग, न्यायालयांच्या न्यायालयं, बँकांच्या बँका. त्यांच्यातल्या एकालाही मुंब्र्याचं वळण दिसत नाही, कारण ते पाहणं त्यांच्या कामातच नाही.

दोन उदाहरणं देतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ ठरली पावणेदहा ते सव्वासहा. शनिवारचे प्रवास वाचले, ते चांगलंच झालं. पण सोमवार ते शुक्रवार, शिपाई वगळता, सगळ्यांना एकच वेळ दिली. मंत्रालयातल्या विभागांना तीन वेगवेगळ्या वेळा देण्याची ती संधी होती. दुसरं उदाहरण शाळांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू अगदी योग्य आहे, मीही नातवंडांचा आजोबा आहे. पण शाळेच्या बस सात ऐवजी साडेआठला रस्त्यावर आणल्या तर त्या नेमक्या कार्यालयीन गर्दीत येतात. तो कागद सही होण्याआधी वाहतुकीच्या टेबलावरून गेला असता, तर कदाचित पावणेआठ किंवा सव्वाआठ असा मधला मार्ग निघाला असता, किंवा निदान शेजारच्या शाळांना पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने भरवायला सांगता आलं असतं.

२००८ मध्ये राज्याने मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली मुंबई महानगरासाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण नेमलं ते ह्याच कामासाठी. कायद्याचं बळ आणि स्वतःचा पैसा नसेल तर असं मंडळ बैठकांपुरतंच उरतं. मला विचाराल तर त्याला पहिली जबाबदारी एवढीच द्यावी: शहराच्या घड्याळाची.

सिंगापूरचं नाव इथे निघणारच, आणि ते निघावं. तिथे १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागात सकाळी मोटारीने शिरायला पैसे मोजावे लागू लागले, आणि चार माणसं एका गाडीत असली तर माफी होती. १९९५ मध्ये रस्ते, रेल्वे, बस आणि वाहनांची संख्या हे सगळं एका भूपरिवहन प्राधिकरणाकडे आलं. १९९८ पासून कमानींखालून जाताना आपोआप पैसे कापले जाऊ लागले आणि दर दिवसातल्या वेळेनुसार बदलू लागले. वेग किती राहिला पाहिजे हे आधी ठरवायचं, वेग त्याच्या खाली गेला तर दर वाढवायचा, वर गेला तर कमी करायचा. पण आपल्यासाठी त्याहून उपयोगाचं उदाहरण तिथल्या मेट्रोचं आहे. जून २०१३ पासून त्यांनी मध्यवर्ती १६ स्थानकांवर, पुढे १८ स्थानकांवर, सकाळी पावणेआठच्या आत बाहेर पडणाऱ्याचा प्रवास फुकट केला. सुमारे सात टक्के प्रवासी ऐन गर्दीतून त्याआधीच्या वेळेत गेले. वर दिलेलं पंगतीचं गणित आठवा, म्हणजे सात टक्क्यांची किंमत कळेल. २०१७ च्या अखेरीस फुकट प्रवास बंद करून सगळ्या स्थानकांसाठी सकाळची सवलत आणली. त्याच्या जोडीला प्राधिकरणाची माणसं मोठ्या कंपन्यांच्या दारात गेली. तुमचे कर्मचारी कुठून, किती वाजता येतात ते आम्ही मोजून देतो, वेळा सैल करायला सल्लागार देतो, अनुदान देतो, असं म्हणाली. नुसतं पत्र आणि हे, यातला फरक तुमच्या लक्षात आला असेल.

आणि हे फक्त शिस्तीच्या देशातच होतं असं समजू नका. २००८-०९ मध्ये बेंगळुरूला इन्फोसिसच्या आवारात एक प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी तो आखला होता. जो कर्मचारी लवकर येईल त्याला गुण, जितकं लवकर तितके जास्त, आणि त्या गुणांवर दर आठवड्याला रोख बक्षिसांची सोडत. सुमारे १४ हजार कर्मचारी, सहा महिने. लवकर येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आणि कंपनीच्या बसने सकाळी यायला लागणारा सरासरी वेळ ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. ना रस्ता रुंद झाला, ना पूल बांधला गेला. दुसऱ्या कोणावर दंड नाही, सक्ती नाही. जे लवकर आले नाहीत, त्यांचाही प्रवास सुधारला.

मुंबईनेही एकदा वेळेच्या खिडक्या लावून पाहिल्या आहेत, नाइलाजाने. करोनानंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकल खुली झाली ती पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. कार्यालयांनी वेळा बदलाव्यात अशी विनंतीही झाली. पण नोकरदारांना त्या वेळा सोयीच्या नव्हत्या, कारण गाडीची वेळ बदलली तरी मस्टरची वेळ बदलली नव्हती. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. प्रवासी स्वतःची वेळ ठरवत नाही, त्याची वेळ त्याचा मालक ठरवतो. म्हणून यंत्रणेने बोलायचं ते मालकाशी. प्रवाशाला फलाटावरच्या भोंग्यातून "कृपया गर्दीची वेळ टाळा" असं सांगण्यात अर्थ नाही. त्याला ती टाळता आली असती तर त्याने कधीच टाळली असती.

आता तुमच्या कार्यालयाविषयी, कारण खरं काम तिथे आहे.

तुमच्याकडे बायोमेट्रिक यंत्र असेल आणि नियम बहुधा असा असेल: साडेनऊची वेळ, दहा मिनिटं सवलत, तीन लेट मार्कला एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापली. ती दहा मिनिटं माणसाला दारात लटकायला लावतात. आठ-छत्तीस सुटली तर आठ-एकेचाळीसने लेट मार्क लागणार हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, तो भरलेली गाडी सोडत नाही. तुम्ही दुसरं काहीही केलं नाही आणि फक्त लेट मार्क काढून "दिवसाचे साडेआठ तास पूर्ण करा, अकरा ते चार सगळे जागेवर हवेत" एवढं केलंत, तरी अर्धं काम झालं. मी जिथे जिथे हे होताना पाहिलं, तिथे लोक उशिरा येत नाहीत, बहुतेक जण लवकर येतात. डोंबिवली-बदलापूरकडच्या माणसाला रिकामी गाडी मिळत असेल तर तो पाचला उठायला तयार असतो, बदल्यात त्याला साडेचारला निघता आलं पाहिजे. संध्याकाळी "इतक्यात निघालास?" असा प्रश्न वरिष्ठाने एकदा जरी विचारला, तरी योजना तिथेच संपते. तेव्हा सुरुवात साहेबांपासून करा. विभागप्रमुखांपैकी दोघांनी तरी लवकरची वेळ स्वतः घेतली पाहिजे.

एका कंपनीचा अनुभव सांगतो, नाव सांगत नाही. त्यांनी सकाळी आठची वेळ ऐच्छिक केली, ऐंशीच्या वर लोकांनी ती घेतली. दोन महिन्यांनी बाराच उरले. मी जाऊन बसलो एक सकाळ. आठ वाजता मजल्यावर एसी बंद, तो नऊला सुरू व्हायचा. कँटीन साडेनऊला उघडायचं. पहाटे डबा घेऊन निघालेल्या माणसाला चहासुद्धा नव्हता. पाणी भरणारा माणूस पावणेदहाला यायचा. धोरण चांगलं होतं, पण त्या इमारतीचं घड्याळ कोणी बदललं नव्हतं. तुम्ही वेळा बदलाल तेव्हा कँटीनचा ठेकेदार, सुरक्षारक्षक, सफाई आणि लिफ्ट यांच्या वेळा आधी बदला.

बायकांचं गणित वेगळं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्याची वेळ, मुलांची शाळा, पाळणाघर किती वाजता बंद होतं, यावर त्यांची गाडी ठरते. म्हणून वेळा विभागवार वाटून देऊ नका. प्रत्येकाला निवडू द्या, आणि निवड निदान तीन महिने तशीच ठेवा. रोज वेगळी वेळ हे स्वातंत्र्य वाटतं, पण घरची व्यवस्था लावणाऱ्याला ते परवडत नाही. कायद्याची अडचण विचाराल तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांच्या कामाची नेहमीची मर्यादा सकाळी सात ते रात्री साडेनऊ आहे. सात ते साडेदहाच्या मधली कोणतीही सुरुवात त्यात बसते.

भाड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लोकलच्या गर्दीच्या वेळेचं भाडं वाढवू नये. साडेनऊला हजर व्हायलाच हवं असा माणूस बहुधा कमी पगाराचा असतो, दुकानातला, दवाखान्यातला, शिपाई. साहेबाला वेळ बदलता येते, त्याला येत नाही. त्याच्याकडून जास्त पैसे घेणं हा अन्याय आहे. उलट, गर्दीच्या बाहेरच्या वेळेला सवलत द्यावी. दिल्ली मेट्रो स्मार्ट कार्डावर सकाळी आठपर्यंत, दुपारी बारा ते पाच आणि रात्री नऊनंतर दहा टक्के जादा सूट देते. आपल्या लोकलचा महिन्याचा पास मात्र दिवसाच्या प्रत्येक मिनिटाला सारखाच. पास स्वस्त आहे आणि तो स्वस्तच राहिला पाहिजे, पण साडेसातच्या आत आणि साडेदहानंतर चढणाऱ्यासाठी आणखी स्वस्त पास काढायला काय हरकत आहे? आणि ती सवलत द्यायची तर त्या वेळेला गाड्याही भरपूर हव्यात. अकराच्या पुढे दोन गाड्यांमधलं अंतर वाढलं की उशिराची वेळ घेतलेला माणूस पुन्हा नऊकडे सरकतो.

मोटारींचं वेगळं. मोटार घेऊन गर्दीच्या वेळी दक्षिण मुंबईत येणाऱ्याला पर्याय असतो, म्हणून तिथे वेळेनुसार दर आकारणं मला न्याय्य वाटतं. शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर, वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडच्या दोन, टोलची सगळी व्यवस्था तयार होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल तिथे माफ झाला. टोलबद्दल लोकांचा राग होता आणि हिशेबाविषयीचे त्यांचे प्रश्नही रास्त होते, ते मी नाकारत नाही. पण त्याच नाक्यांवर सकाळी सातच्या आत शून्य, नऊला जास्त, आणि जमलेला पैसा थेट बेस्टच्या बसला, असा विचार कोणी मांडला असता तर मला फार बरं वाटलं असतं. स्टॉकहोमने २००६ मध्ये असा आकार आधी सात महिने चालवून दाखवला, नाक्यांवरची वाहनं सुमारे वीस टक्क्यांनी घटली, आणि मग मतदान घेतलं. आधी विरोधात असलेल्या शहराने बाजूने कौल दिला. लोकांना आधी मोकळा रस्ता दिसला आणि मग त्यांना विचारलं गेलं, हा क्रम महत्त्वाचा आहे.

रेल्वेच्या पत्राबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने शेकडो आस्थापनांना पत्रं धाडली, तेव्हा सुरुवात घरापासून केली. आपल्या मुंबई विभागीय कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी साडेनऊ ते पावणेसहा किंवा साडेअकरा ते पावणेआठ असे दोन पर्याय दिले. निदान एका कार्यालयाने तरी स्वतःपासून सुरुवात केली. मी त्यात साडेसातचा तिसरा पर्याय घातला असता, कारण संध्याकाळी पावणेआठला सुटून बदलापूरला नऊच्या पुढे पोचायला फार कमी लोक तयार होतात.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. कर्मचाऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे स्टेशन लिहा. कल्याणच्या पुढचे, ठाण्याच्या अलीकडचे, पश्चिमेकडचे, हार्बरचे असे गट आपोआप दिसतील. कल्याणपलीकडच्यांना आधी विचारा, कारण सगळ्यात जास्त सोसतात ते तेच. तुमच्या साडेतीनशेंतल्या तीस-पस्तीस जणांनी वेळ बदलली तरी तुमचा वाटा पूर्ण झाला. सगळ्यांना हलवायची गरज नाही. मग त्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन-तीन कार्यालयांतल्या तुमच्यासारख्याच पदावरच्या माणसांना चहाला बोलवा आणि त्यांनी कोणत्या वेळा ठेवल्या ते विचारा. चार कार्यालयांनी मिळून "साडेदहा" निवडलं तर चर्चगेटच्या आणि सीएसएमटीच्या बाहेरची टॅक्सीची रांग फक्त एक तास पुढे सरकेल.

मोजणी मात्र नीट करा. बायोमेट्रिकचा आधीच्या चार आठवड्यांचा तपशील काढून ठेवा, नंतरच्या बारा आठवड्यांशी ताडून पाहा, आणि तो तक्ता पत्र पाठवणाऱ्या रेल्वे कार्यालयाला उत्तर म्हणून धाडा. माझ्या अनुभवात अशा पत्रांना आकड्यांसह उत्तर जवळजवळ कोणीच देत नाही, त्यामुळे आलेलं उत्तर वाचलं जातं. त्यासोबत तुमची मागणीही लिहा: आमच्या तीस जणांनी सात-वीसची निवडली, ती गाडी रद्द करू नका.

सुरुवात पावसाळ्यात करू नका. गाड्या उशिरा धावतात आणि सगळा दोष नव्या वेळेवर येतो. गणपती, नवरात्र आणि दिवाळीत आकडे फसवतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की त्याच्या पुढच्या सोमवारी सुरू करा, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत तुमच्या हातात बारा स्वच्छ आठवड्यांचा तपशील असेल. पहिल्या दिवशी कँटीनवाल्याला सव्वासातला चहा तयार ठेवायला सांगा.